लोंढेकाका फिलेमोन सांगत नाहीत

मुलुंड ते भांडुप या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत देवव्रत लोंढे दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहेत. एक, कोणाच्या घरचा चहा पाणचट झाला तर ते तोंडावर सांगतात. दोन, बायबलच्या नव्या करारातली पत्रं त्यांच्यासारखी कोणाला सांगता येत नाहीत. वाचतात सगळेच. पाळकसाहेब वाचतात, मंडळी मागून वाचते, आणि निम्म्या लोकांचं लक्ष घरी शिजायला ठेवलेल्या मटणाकडे असतं. लोंढेकाका मात्र पत्र उघडण्याआधी चष्मा काढून मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "हे पत्र पोचलं तेव्हा खोलीत कोण कोण होतं?"

एवढ्या एका प्रश्नावर माणसं सरसावून बसायची.

ही विद्या त्यांना कुठल्या बायबल कॉलेजात मिळालेली नव्हती. मॅट्रिक झाल्यावर ते भांडुपच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागले. अक्षर मोत्यासारखं, म्हणून युनियनवाल्यांनी त्यांना उचलून ऑफिसात बसवलं. तेव्हापासून कंपनीला टाळं लागेपर्यंत मॅनेजमेंटला गेलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या हातचं. पत्रात काय लिहायचं यापेक्षा काय लिहायचं नाही, हे ते तिथे शिकले. 'अन्यथा' हा शब्द लिहायचा नाही. तो समोरच्याला न लिहिता वाचता आला पाहिजे. 'नम्र विनंती' जितकी जास्त नम्र, तितका संप जवळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पत्राच्या तळाला 'प्रत' कोणाकोणाला जाते. साहेबाला एकट्याला लिहिलेलं पत्र साहेब टोपलीत टाकतो. त्याचीच एक प्रत लेबर कमिशनरला गेली आणि एक नोटीस बोर्डावर लागली, की तोच साहेब खुर्ची पुढे करतो.

याच नजरेने त्यांनी गावोगावच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिणाऱ्या प्रेषित पौलाची पत्रं वाचली. "पौल म्हणजे आपल्यातलाच माणूस," ते म्हणायचे, आणि म्हाताऱ्या बायका दचकायच्या. "फिलिप्पै शहर काय होतं? निवृत्त सैनिकांची कॉलनी. ज्याला त्याला रोमचा नागरिक असल्याची ऐट. अशा लोकांना हा कळवतो की आपलं नागरिकत्व वरचं आहे. तेही तुरुंगातून! बाहेर जाणारं पत्र आधी शिपायाच्या नजरेखालून जाणार. त्याला वाटलं पाहिजे, म्हातारा देवाधर्माचं लिहितोय. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळणार." कैसराला, म्हणजे रोमच्या बादशहाला, प्रभू म्हणायच्या काळात, त्याच कैसराच्या माणसांनी खिळे ठोकून मारलेल्या एकाला प्रभू म्हणणं म्हणजे काय, हे ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याने उठून दाराला कडी लावावी.

पण त्यांचा खरा हातखंडा होता फिलेमोन.

पत्र अगदी छोटं, एका पानात मावणारं. कलस्सै गावचा फिलेमोन हा खातापिता माणूस. त्याच्या घरात ख्रिस्ती मंडळी जमायची. त्याचा अनेसिम नावाचा गुलाम पळाला आणि तुरुंगातल्या पौलापाशी येऊन पोचला. पौलाने त्याला परत धाडलं आणि बरोबर पत्र दिलं, की याला आता गुलाम म्हणून घेऊ नकोस, भाऊ म्हणून घे. लोंढेकाका हे सांगताना खोलीतल्याच लोकांना पात्रं करायचे. यजमान तो फिलेमोन. त्याची बायको अप्फिया. सोफ्यावरचे, सतरंजीवरचे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातले ते सगळे घरातली मंडळी. आणि जो उशिरा येईल तो अनेसिम. त्याने दारातच उभं राहायचं.

"पत्र फिलेमोनाला, पण सलाम कोणाकोणाला? बायकोला, सोबती अर्खिप्पाला, आणि घरात जमलेल्या अख्ख्या मंडळीला! ही प्रत झाली. आता सगळ्यांदेखत वाचलं जाणार. फिलेमोन नाही कसा म्हणेल? पुढे म्हणतो, हुकूम करायचा हक्क आहे मला, पण मी प्रेमाने विनवतो. ही आमची नम्र विनंती! आणि शेवटी सहज सांगतो, माझ्यासाठी एक खोली तयार ठेव. म्हणजे काय रे पोरांनो?"

"म्हणजे बघायला येतोय!" कोणीतरी ओरडायचं आणि खोली हसून हसून लोळायची.

यंदाच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारची घरसभा नितेश उजागरेच्या नाहूरच्या नव्या फ्लॅटमध्ये होती. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी गाणी, प्रार्थना, वचन आणि शेवटी चहा-वडे, अशी ही जुनी रीत. लोंढेकाका आता चौऱ्याहत्तरचे. गुडघे बोलतात, पण आवाज शाबूत. फिलेमोन सांगा, असा आग्रह झाला आणि त्यांनीही फार आढेवेढे घेतले नाहीत.

सलामाचा भाग चालू असताना बेल वाजली. संघमित्रा आली. मागच्याच वर्षी लग्न होऊन या मंडळीत आलेली, घाटकोपरच्या एका शाळेत शिकवणारी मुलगी. रिक्षा मिळाली नाही म्हणून घामाघूम झालेली.

"या अनेसिम!" काका म्हणाले. "तिथेच थांबायचं. दारात."

ती हसली आणि खांद्यावरची पर्स सावरत चपलांच्या ढिगाऱ्याशेजारी उभी राहिली. काकांनी पत्र रंगवलं. फिलेमोन झालेल्या नितेशला घाम फोडला. त्याच्या बायकोकडून वदवून घेतलं, की अहो घ्या ना त्याला. खोली तयार ठेवायच्या वाक्याला हशा पिकला. सगळं सालाबादप्रमाणे झालं. लोक पाय मोकळे करू लागले, आतून वड्यांचा वास आला, आणि तेव्हा दारातून आवाज आला.

"काका, मी बसू का आता? माझं काही बोलणंच नाहीये का?"

परत हसू झालं. काकाही हसले. "नाही गं. अनेसिमाला या पत्रात एक शब्द नाही."

"मग त्याला काय हवं होतं? परत जायचं होतं का त्याला?"

"पत्रात लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नसतं तेच तर तुम्ही सांगता ना काका," ती सरळपणे म्हणाली. तिच्या मनात खोच नव्हती. पाय दुखत होते आणि प्रश्न पडला होता, एवढंच.

काकांनी मांडीवरचा चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला. नितेशला वाटलं, आपण मदतीला धावावं. तो म्हणाला, "अगं, तुला आमच्या द्रौपदीची गोष्ट माहीत नाही का? काकांनी फिलेमोन नुसता सांगितला नाहीये, करून दाखवलाय! आमच्या पप्पांच्या घरी झालं हे, मुलुंडच्या जुन्या घरी. मी लहान होतो."

आणि त्याने ती गोष्ट सांगितली. मंडळीत ती पंचवीस वर्षं सांगितली जाते आहे, त्यामुळे तिचे कोपरे घासून गुळगुळीत झालेले आहेत. त्याचे वडील नंदकुमार उजागरे हे मंडळीचे पंच, वजनदार माणूस. द्रौपदी त्यांच्या लांबच्या नात्यातली, जालन्याकडची, आईबाप नसलेली पोर. शिकवायला म्हणून त्यांनी तिला मुंबईला आणली आणि ती घरचीच होऊन राहिली. घरचीच म्हणजे काय, ते ज्याने त्याने समजून घ्यावं. भांडी, कपडे, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजींचं सगळं. एकोणिसाव्या वर्षी एका दुपारी ती पळाली आणि थेट लोंढ्यांच्या घरी आली. लोंढेकाकांनी पौलासारखं पत्र लिहिलं, पुढच्याच घरसभेत ते सगळ्यांसमोर वाचलं, नंदकुमार रडले, त्यांनी द्रौपदीला मुलगी म्हणून जवळ घेतलं, आणि अख्खी मंडळी गायला लागली.

"झकास ना?" नितेश म्हणाला.

"मग आता कुठे असते ती?" संघमित्राने विचारलं.

नितेशने बायकोकडे पाहिलं. बायकोने सासूच्या फोटोकडे पाहिलं. "गोवंडीला असते बहुतेक," तो म्हणाला. "पेशंट सांभाळायची कामं करते. येत नाही आता फारशी आपल्यात."

वडे आले. चहा बेताचा होता, पण लोंढेकाका त्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांच्या बायकोच्या, कुंदाबाईंच्या ते लक्षात आलं.

घरी परतताना रिक्षात काकांनी विचारलं, "तुला आठवतं का गं, द्रौपदी आली होती तो दिवस?"

"मला न आठवायला काय झालं? मीच चहा दिला होता तिला," कुंदाबाई म्हणाल्या. "पायात चपला नव्हत्या तिच्या. ती तुम्हाला काहीतरी सांगत होती आणि तुम्ही तिला मध्येच थांबवलंत. म्हणालात, बस बाळ, मला कळलं."

"मग तू का नाही बोललीस तेव्हा?"

"बोलले की. म्हटलं, तिचं पुरतं ऐकून तरी घ्या. पण तुम्ही टेबलापाशी बसला होता. तुम्ही लिहायला बसलात की घरात कोणी आहे का याची शुद्ध असते का तुम्हाला?"

खरं होतं ते. काकांना तो दिवस पक्का आठवत होता, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे तो त्यांना फार गोड आठवत होता. कंपनीत तेव्हा युनियन मोडकळीला आलेली. दोन वर्षांत एकही पत्र लागू पडलं नव्हतं. लोक मागे बोलायला लागले होते, की लोंढ्याच्या लेखणीत आता दम नाही. आणि अशा वेळी दारात ही मुलगी उभी राहिली, मालकाच्या घरातून पळालेली. मालक मंडळीचा, मंडळी घरात जमणारी! आयुष्यभर जे सांगत आलो ते आपल्या दारात चालत आलं, असं त्यांना वाटलं. ते देवाचं बोलावणं आहे असंही वाटलं. मग ते पत्र हातातून असं उतरलं, की तसं पुन्हा कधी उतरलं नाही. नंदकुमारांच्या मोठेपणाची आधी तारीफ केली. मी पंचमंडळाकडे जाऊ शकलो असतो, पण गेलो नाही, हे हलकेच घातलं. शेवटी लिहिलं, की पुढच्या महिन्यात आजींना भेटायला मी येईनच. 'अन्यथा' कुठेही नव्हता आणि पानभर तोच होता.

द्रौपदीने मात्र त्यांच्याकडे येऊन काय सांगायला सुरुवात केली होती, ते त्यांना काही केल्या आठवेना. कारण ते त्यांनी ऐकलंच नव्हतं.

काकांचे पुढचे काही दिवस असेच गेले. मग त्यांनी एक कागद घेतला. मोडलेल्या गोष्टीवर त्यांना एकच इलाज येत होता. रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची, असं त्यांनी ठरवलं; म्हणजे सगळ्या मंडळीपुढे आपला अनुभव किंवा आपलं पाप बोलून दाखवायचं. मी एका मुलीचं न ऐकता तिचा निकाल लावला, असं ते सांगणार होते. मजकूर चांगला उतरला. दोन ठिकाणी त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले. पण त्याआधी तिला भेटायला हवं होतं. कुंदाबाईंनी दोन-चार घरी फोन करून द्रौपदीचा पत्ता मिळवला.

गोवंडीला ती एका झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट बंद होती. काका प्रत्येक मजल्यावर थांबत वर पोचले तेव्हा द्रौपदी ड्युटीवर जायच्या तयारीत होती. केस पांढरे व्हायला लागलेले, अंग भरलेलं, मनगटावर मोठं घड्याळ. दारातल्या म्हाताऱ्याला ओळखायला तिला एक क्षण लागला.

"सलाम काका! तुम्ही? अहो, कोणाला सोबत तरी आणायचं. आणि कुंदाकाकू बऱ्या आहेत ना?"

तिला वाटलं, काकूंना सांभाळायला बाई पाहिजे असणार. ओळखीचं माणूस अचानक दारात आलं तर तेवढ्यासाठीच येतं, असा तिचा अनुभव. काकू बरी आहे, अशी त्यांनी मान हलवली. तिने त्यांना खुर्ची दिली, पंखा मोठा केला, पाणी दिलं आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसली. ड्युटीला निघायला अजून थोडा वेळ आहे, असं आपणहून म्हणाली.

काकांनी सुरुवात लांबून केली. घरसभा, नितेशचं घर, मंडळीतली नवी सून आणि तिचा प्रश्न. द्रौपदी शांतपणे ऐकत होती. पेशंटचं ऐकायची सवय असलेल्या बायका ऐकतात तसं.

"तर मला हे विचारायचं होतं," काका शेवटी म्हणाले, "की त्या दिवशी तू माझ्याकडे कशासाठी आली होतीस?"

ती हसली. "एवढ्या वर्षांनी काका?"

"हो. एवढ्या वर्षांनी."

"पेटी आणायला," ती म्हणाली.

"कसली पेटी?"

"माझी. ती काय तिथे." कोपऱ्यात पत्र्याची निळी पेटी होती, पोपडे उडालेली. तिच्यावर टेबलक्लॉथ घालून टीव्ही ठेवला होता. "सांगलीकडच्या मिशन दवाखान्यात नर्सच्या हाताखाली काम करायचा कोर्स होता. आमच्या नाइट स्कूलच्या बाईंनी सगळं जमवलं होतं. मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, दहावीचं सर्टिफिकेट घेऊन सोमवारी हजर हो. सर्टिफिकेट पेटीत, पेटी आजींच्या खाटेखाली, आणि त्या दिवशी नंदूकाका घरी. मी जाते म्हटलं तर पाठवणार नव्हते. आजींना कोण बघणार? म्हणून मी तशीच निघाले. म्हटलं, लोंढेकाका बोलतील. तुम्ही कंपनीच्या साहेबाशी बोलता, तर एक पेटी नाही आणून देणार?"

काका त्या पेटीकडे बघत होते.

"सांगायला लागले, तर तुम्ही म्हणालात, मला कळलं. मला वाटलं, कळलं असेल. काकूंनी चहा दिला. तुम्ही आत लिहीत बसला होता. मध्ये मध्ये तुम्ही स्वतःशीच हसत होता काका. मी दारातनं बघत होते. म्हटलं, पेटीसाठी लिहितायत."

"मी वाचलं तेव्हा तू..."

"दारातच होते ना. तुम्हीच उभं केलं होतं. मी ऐकत होते, की आता पेटीचं येईल, आता पेटीचं येईल. शेवटपर्यंत वाट बघितली." तिने घड्याळाकडे पाहिलं, पण उठली नाही. "मग नंदूकाका रडायला लागले. मावशींनी, नितेशच्या आईने, मिठी मारली. सगळ्यांनी मिठ्या मारल्या. लोक गायला लागले. त्यात मी कुठे म्हणणार, की मला जायचंय?"

"दुसऱ्या दिवशी तरी सांगायचंस मला."

"दुसऱ्या दिवशी कसं सांगणार काका? एवढ्या लोकांसमोर मुलगी म्हणून घेतलं. परत पळाले असते तर काय म्हणाले असते सगळे? आधी पळाले तेव्हा नंदूकाकांचं चुकलं म्हणणारे चार जण तरी होते. आता कोणीच नसतं."

प्रत कोणाकोणाला जाते ते बघा, हे काकांनी जन्मभर लोकांना शिकवलं. आपण नंदकुमारला पेचात पकडतोय असं त्यांना वाटलं होतं. नंदकुमार दोन अश्रू गाळून सुटला, मोठेपणाही घेऊन गेला. त्या खोलीत खरी पकडली गेली ती दारातली मुलगी, आणि तिचं नाव पत्राच्या तळालाही नव्हतं. हे त्यांना आता एखाद्या शाळकरी पोराला दिसावं इतकं स्वच्छ दिसत होतं, आणि इतकी वर्षं ते दिसलं नाही याची त्यांना मनापासून शरम वाटली.

"छळलं का त्यांनी तुला?" त्यांनी विचारलं.

"छे. शब्द पाळला. टेबलावर जेवायला बसवायचे. वाढायचे मी, मग बसायचे." ती सहज बोलत होती. "आजी आठ वर्षं होत्या. मग मावशींना अर्धांग झालं. त्या गेल्या तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती. पेटी होती की माझ्याजवळ. परत गेल्यावर मिळालीच. खाटेखाली ती आणि खाटेशेजारी मी. सर्टिफिकेट अजून आहे आत. दाखवू?"

"नको," काका म्हणाले.

मग त्यांनी खिशात हात घातला. घडी केलेला कागद काढला आणि चष्मा लावला. म्हणाले, "माझं चुकलं, बाळ. फार चुकलं. मी हे असं सोडणार नाही. रविवारी उपासनेत उभा राहणार आहे. सगळं सांगणार, नाव घेऊन सांगणार. सगळ्या मंडळीला कळू दे, काय झालं होतं ते. मी लिहून आणलंय, तू ऐक आधी."

त्यांनी कागद उलगडला. द्रौपदी पलंगावरून उठली आणि तिने त्या कागदावर हात ठेवला. रागाने नाही. हट्टाने सलाइन ओढणाऱ्या पेशंटच्या हातावर ठेवतात तसा.

"नको काका."

"अगं, पण मला..."

"तुम्हाला हलकं वाटेल, कळतंय मला. पण परत सगळ्यांसमोर माझं काही वाचू नका. परत सगळे रडतील. घरी येतील, मिठ्या मारतील, नितेशला वाईट बोलतील. मला ड्युट्या असतात. माझं चाललंय नीट." ती थांबली. "हे तरी माझं ऐका."

काकांनी कागदाची घडी घातली. ती घालायला त्यांना वेळ लागला. आपल्याजवळ द्यायला दुसरं काहीच नाही, हे त्यांना त्या चौथ्या मजल्यावर कळलं. आयुष्यभर शब्दांवर निभावलं होतं, आणि ज्या एका माणसाचं देणं लागत होते तिला शब्दच नको होते.

"ऐकलं," ते म्हणाले.

"मग झालं," द्रौपदी म्हणाली. तिने दाराला कुलूप लावलं, त्यांचा दंड धरून त्यांना चारही मजले उतरवलं, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, घाई न करता. खाली येऊन रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला काकांच्या घरचा रस्ता समजावून सांगितला आणि 'आजोबांना गेटच्या आत सोड रे, बाहेर नको' असंही सांगितलं. मग ती स्वतः बसस्टॉपकडे वळली.

घरी कुंदाबाईंनी दार उघडलं. "काय म्हणाली?"

"पेटी आणायला आली होती," ते म्हणाले, आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकताना एकदाही मध्ये बोलली नाही. साक्षीचा कागद त्यांनी फाडून टाकला. कुंदाबाईंनी तुकडे गोळा केले आणि कचऱ्यात टाकले.

आता लोंढेकाका फिलेमोन सांगत नाहीत. बाकीची पत्रं सांगतात, पण पूर्वीइतकी रंगत नाहीत असं लोक म्हणतात. फिलेमोनाचा आग्रह झाला की म्हणतात, "मला आता आठवत नाही रे." का, ते कोणाला सांगता येत नाही; सांगितलं तर तिचं नाव येणार. नितेश हळहळतो, की काकांचं वय झालं, काय बुद्धी होती माणसाची! नव्या लोकांना तो द्रौपदीची गोष्ट सांगतो, तीच, गुळगुळीत झालेली. काका समोर बसून ऐकतात. तिला शब्द दिलेला आहे, म्हणून ती गोष्ट खोटी आहे असंही म्हणत नाहीत. पूर्वी या गोष्टीला त्यांची छाती फुगायची. आता ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरून खाली बघत राहतात, आणि गोष्टीच्या शेवटी लोक कौतुकाने त्यांच्याकडे वळतात तेव्हा त्यांना मान हलवावी लागते.

मागच्या शुक्रवारी काका नाही म्हणाले म्हणून पाळकसाहेबांनीच फिलेमोन वाचायला घेतला. सलामाचा भाग चालू असताना बेल वाजली. संघमित्रा आत आली, सगळ्यांकडे बघून ओशाळं हसली आणि त्या वेळसारखीच चपलांपाशी उभी राहिली. लोंढेकाकांनी भिंतीला हात टेकून, गुडघे आवरत स्वतःला थोडं सरकवलं आणि शेजारच्या मोकळ्या झालेल्या सतरंजीवर हात थोपटून तिला बसायला बोलावलं.